१९७२ ची शेव्ही सी-१० पिकअप : क्वाड्राजेट काढून ईएफआय बसवू का?

डेन्व्हरचा_खटारा

मंडळी, सल्ला पाहिजे. दोन वर्षांपूर्वी १९७२ ची शेव्हरोले सी-१० घेतली, ३५० घनइंची व्ही-एट इंजिन, थ्री-स्पीड ऑटोमॅटिक, वर रोचेस्टरचा चार तोंडांचा क्वाड्राजेट कार्ब्युरेटर, इग्निशनच्या पॉइंट-कंडेन्सरसकट सगळं जुनंच. दिसायला राजबिंडी आहे, गंज जवळपास नाही, पण चालवायला बसलं की रोज नवीन नाटक. चार-पाच दिवस उभी राहिली की पंधरा-वीस सेकंद सेल्फ मारत बसावं लागतं. एकदा चालू झाली की बरी चालते, पण गरम असताना पेट्रोल भरायला थांबलो आणि दहा मिनिटांनी चावी फिरवली की पुन्हा तेच, ॲक्सिलेटर तळाला दाबून धरल्याशिवाय घेतच नाही आणि पंपावरची सगळी जनता माझ्याकडे बघत असते.

खरी पंचाईत डोंगरात. घरच आमचं ५२८० फुटांवर, तिथून आय-७० ने आयझेनहॉवर बोगद्याकडे चढायला लागलो की ११ हजार फुटांवर गाडी पार गळपटते, मागे काळा धूर, मालवाहू ट्रकसुद्धा ओव्हरटेक करून जातात. गॅलनला आठ मैल मिळाले तर मिळाले. वर केबिनमध्ये कायम पेट्रोलचा वास. गेल्या गणपतीत मंडळाच्या आरतीला हीच गाडी काढली तर बायको म्हणाली माझ्या पैठणीला आता पंपावरचा वास येतोय, पुढच्या वर्षी तू आणि तुझी गाडी दोघंच जा.

तर डोक्यात असं आहे की कार्ब्युरेटर काढायचा आणि त्या जागी ते थ्रॉटल बॉडीवालं ईएफआय (कॉम्प्युटरने पेट्रोल फवारणारं इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन) किट बसवायचं, होली स्नायपर किंवा फायटेक टाइप, जे स्वतःच शिकतं म्हणतात. व्हिडिओत एका दिवसात बसवून दाखवतात. खरंच एका दिवसात होतं का? पंप टाकीच्या आत टाकावा की बाहेर चासीवर लावला तरी चालेल? आणि माझी टाकी सीटच्या मागे केबिनमध्येच आहे त्याचं काय करायचं? सॉकेट-पाने, मल्टिमीटर आहे, वेल्डिंग येत नाही. बजेट दोन-अडीच हजार डॉलर.

ओहायोचा_मिस्त्री

थांब जरा. चार वेगळे आजार सांगितलेस आणि चौघांना मिळून एकच औषध मागतोयस.

सकाळचं लांब सेल्फ मारणं आधी घेऊ. गाडी पाच दिवस उभी ठेव, मग एअर क्लीनर काढ आणि सेल्फ न मारता हाताने थ्रॉटल उघडून आत टॉर्च मार. पेट्रोलच्या दोन बारीक धारा पडायला पाहिजेत. कोरडं असेल तर बाऊल, म्हणजे कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची वाटी, रिकामा झालाय. क्वाड्राजेटचा बाऊल आधीच छोटा, आजचं पेट्रोल इथेनॉल घातलेलं ते लवकर उडतं, आणि मुख्य म्हणजे या कार्ब्युरेटरच्या बुडाला विहिरींची जी बुचं असतात ती म्हातारपणी झिरपतात आणि सगळं पेट्रोल हळूहळू मॅनिफोल्डमध्ये उतरतं. मग तो बिचारा मेकॅनिकल पंप रिकामा बाऊल भरेपर्यंत तू सेल्फ मारत बसतोस. बुचांवर इपॉक्सी लावून बसवली की वर्षानुवर्षं बघायला नको.

गरम असताना घेत नाही ते बाऊलमधलं पेट्रोल उकळून खाली उतरल्यामुळे, इंजिन फ्लड झालेलं असतं. तुझ्या उंचीवर ते अजून लवकर उकळतं. कार्ब्युरेटरखाली जाड, उष्णता अडवणारं पॅकिंग टाक, फरक पडेल. या एका बाबतीत मात्र ईएफआय खरंच उजवं, कारण तिथे उघडा बाऊलच नाही, पेट्रोल प्रेशरखाली फिरत असतं.

डोंगरातल्या धुराचा हिशोब साधा आहे. कार्ब्युरेटरला हवा पातळ झालेली कळत नाही. समुद्रसपाटीला बरोबर लावलेलं मिश्रण तुझ्या घराजवळ ढोबळ मानाने ७-८ टक्के रिच (पेट्रोल जास्त, हवा कमी) होतं आणि बोगद्यापाशी १८-१९ टक्के. तुझ्या गाडीत आधी कोणी उंचीप्रमाणे जेट आणि रॉड (पेट्रोलचं प्रमाण ठरवणारी भोकं आणि त्यातल्या सुया) बदललेत का तेच तुला माहीत नाही, प्लग काढून बघ, काजळी असेल तर नाहीच बदललेले. पण एक लक्षात ठेव, धूर जाईल, ताकद नाही येणार. हजार फुटांमागे साधारण तीन टक्के ताकद जातेच, कार्ब्युरेटर असो की कॉम्प्युटर. बोगद्याजवळ तुझं इंजिन दोन-तृतीयांशच आहे असं समज.

वासाबद्दल तर कार्ब्युरेटर बिचारा निर्दोष आहे. टाकी तुझ्या पाठीशी आहे. तोंडाकडची रबरी नळी, व्हेंटची नळी आणि गेजच्या युनिटखालचं पॅकिंग, पन्नास वर्षांची रबरं आहेत ती. ते तसंच ठेवून त्यात ईएफआयचा पंप घातलास तर आज वास येतोय, उद्या फवारा येईल.

व्हॅक्युम गेज (इंजिन किती ओढतं ते मोजणारं) घे, वीस-पंचवीस डॉलरला मिळतं. पॉइंटचा ड्वेल (पॉइंट बंद राहण्याचा कोन) ३० अंशांवर आहे का बघ, ठिणगीचं टायमिंग बघ. मग बोलू.

ह्यूस्टनचा_वैदर्भी

मिस्त्री काका बरोबर सांगून राहिले पण मी ईएफआय केलेलं आहे, ७० च्या सी-१० वर, तर जे झालं ते सांगतो म्हणजे तू तरी माझ्यासारखा उपाशीतापाशी गॅरेजमध्ये रात्री एक वाजता बसणार नाहीस.

व्हिडिओतला एक दिवस खरा आहे बापा, थ्रॉटल बॉडी बसवायला मला अर्धाच दिवस लागला, जेवायच्या आधी झालं. उरलेल्याला पाच वीकेंड लागले. कारण थ्रॉटल बॉडी म्हणजे वरचा कळस, देऊळ सगळं खाली बांधायचं असतं. कार्ब्युरेटरला पेट्रोलचं प्रेशर पाच-सहा पीएसआय लागतं, ह्याला ५८-६०. म्हणजे तुझी आहे ती पेट्रोलची लाइन, त्या रबरी नळ्या, ते क्लॅम्प, सगळं बाद. नळीवर ३०आर९ छापलेलं पाहिजे, साधी ३०आर७ नको, आणि केबिनच्या जवळून जाणार असेल तर सरळ टेफ्लॉनच्या अस्तराची नळी घे, रबरातून वास झिरपतोच थोडा थोडा.

पंप बाहेर लावू नको. मी आधी लावला. हे पंप ढकलतात चांगलं पण ओढत नाहीत, टाकीच्या पातळीच्या खाली आणि अगदी जवळ नसला तर तापतो, कोकलतो, मग मरतो. ऑगस्टमध्ये, ह्यूस्टनमध्ये, ४१ डिग्रीत, फ्रीवेच्या कडेला, लहान लेकरू गाडीत. त्यानंतर आत पंपवाली टाकीच घेतली आणि ती केबिनमधून काढून मागे बॉक्सच्या खाली चासीच्या दोन दांड्यांच्या मधात टाकली. ह्या गाड्यांना तशा तयार टाक्या मिळतात, पट्ट्यांसकट. महाग आहेत पण सीटच्या मागे ७५-८० लिटर पेट्रोल घेऊन पोरांना फिरवणं मला तसंही पटत नव्हतं.

रिटर्न लाइन, म्हणजे जास्तीचं पेट्रोल टाकीत परत नेणारी, टाकायची. लोकं आळस करतात. एक शॉर्टकट आहे, कॉर्व्हेटचा फिल्टर येतो ज्याच्या आतच ५८ पीएसआयचा रेग्युलेटर असतो, तो टाकीजवळ लावला की पुढे एकच लाइन न्यावी लागते, जास्तीचं पेट्रोल तिथूनच टाकीत परत. बऱ्याच जणांचं चाललंय. पण तुमच्या-आमच्या उन्हात इंजिनपर्यंत जाऊन परत येणारं पेट्रोल थंड राहतं असा माझा अनुभव.

आता वायर. ह्याच्यात माझे दोन वीकेंड गेले. ७२ च्या गाडीत कॉइलला जाणारी वायर साधी नसते, ती रेझिस्टन्स वायर आहे, इंजिन चालू असताना त्यात बारा व्होल्ट नसतातच, नऊच्या आसपास असतात. मी इग्निशनचा करंट म्हणून ईसीयूला (किटच्या कॉम्प्युटरला) तिथूनच दिला. गाडी चालू व्हायची, दोन मिनिटांत ईसीयू रीसेट, बंद. आणि दुसरी गोष्ट, फ्यूज बॉक्सवरच्या काही जागा अशा आहेत जिथे चावी ऑन असताना करंट येतो पण सेल्फ मारताना जातो, तिथून दिलं तर ईसीयू नेमकं सेल्फच्या वेळी झोपतो. मल्टिमीटर लावून दोन्ही वेळेला बघ. मेन प्लस आणि अर्थच्या (मायनसच्या) वायरी थेट बॅटरीच्या टोकांवर, मध्ये कुठेच नाही. प्लगच्या वायरींपासून ह्या वायरी जेवढ्या दूर तेवढं बरं, नाहीतर आरपीएम उगाच नाचतो. पॉइंट तर काढच, पॉइंट नसलेला इलेक्ट्रॉनिक एचईआय डिस्ट्रिब्युटर टाक, त्यालाही पूर्ण बारा व्होल्ट लागतात. आणि तुझा जुना अल्टरनेटर ३७ अँपिअरचा असेल, रात्री हेडलाइट, हीटर, पंप, ईसीयू सगळं चालू झालं की तो हात टेकतो, मी १२-एसआय अल्टरनेटर टाकला, ९४ अँपिअरवाला.

सायलेन्सरच्या पाइपला ओ-टू सेन्सरचं (धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या) बुच वेल्ड करावं लागतं. इथल्या एका वेल्डरने करून दिलं पण एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या जोडाला बारीक लीक होतं ते ना त्याने बघितलं ना मी. तर होतं काय, लीकमधून बाहेरची हवा आत, सेन्सरला वाटतं मिश्रण लीन (पेट्रोल कमी), कॉम्प्युटर बिचारा अजून पेट्रोल ओततो, प्लग काळे. म्हणजे पंधराशे डॉलर खर्चून मी कार्ब्युरेटरसारखाच धूर काढून राहिलो होतो. महिनाभर सॉफ्टवेअरला शिव्या दिल्या, निघालं पॅकिंग.

आता कशी आहे? चावी फिरवली की चालू, थंडी-गरमी काही नाही. मायलेज दहावरून साडेबारा. ह्याने पैसे वसूल व्हायला मला अजून एक जन्म लागेल, पण बायको आता स्वतः चालवते.

रंकाळा_गॅरेज

भावा लय भारी गाडी, फोटो टाक आधी. आमच्याकडं पिकअप म्हटलं की बोलेरो नायतर छोटा हत्ती, त्यात भाजी. व्ही-एट पेट्रोल पिकअप आणि ते बी गॅलनला आठ मैल, म्हणजे लिटरला साडेतीन किलोमीटर, हितं कोण चालवंल?

मी जिप्सीवाला माणूस. जुनी कार्ब्युरेटरची जिप्सी आणि २००० नंतरची एमपीएफआय, म्हणजे इंजेक्शनवाली, जिप्सी दोन्ही रोज हाताखालून जात्यात. खरं सांगू, एमपीएफआयची गाडी ढकलत येते तेव्हा दहातल्या सात वेळा इंजेक्शनला काय बी झालेलं नसतंय, अर्थ सुटलेला असतोय. इंजिन ते चासी, इंजिन ते बॉडी, बॅटरी ते इंजिन, तिन्ही अर्थ नवीन टाक, रंग खरवडून पत्र्याला पत्रा लाव. पन्नास वर्षं रंगावर रंग मारलेल्या गाडीत अर्थ शोधणं म्हणजे रंकाळ्यात पडलेली अंगठी शोधणं.

आणि एक, तुमच्याकडं असलं फिटिंग घरी करता येतंय हेच नशीब. हितं सुप्रीम कोर्टानं २०१९ ला सांगितलंय, कंपनीनं दिलेली गाडी मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मूळ रूपातनं बदलायची नाही. आम्ही फक्त व्हिडिओ बघायचे.

सॅनहोजेकर

थोडं त्या ‘स्वतःच शिकतं’ बद्दल, कारण त्या शब्दाने बरेच लोक फसतात.

ही किट्स इंजिनात जाणारी हवा प्रत्यक्ष मोजत नाहीत. मॅनिफोल्डमधला दाब, आरपीएम आणि हवेचं तापमान यावरून अंदाज बांधतात, आणि तो अंदाज किती चुकला हे ओ-टू सेन्सरवरून बघून तक्ता दुरुस्त करतात. शिकणं म्हणजे एवढंच. इंजिन गरम झाल्यावर, नेहमीच्या वेगाला हे छान चालतं. पण सकाळच्या शून्य डिग्रीला पहिले काही सेकंद किती पेट्रोल द्यायचं, ॲक्सिलेटर अचानक दाबला तर किती जास्त द्यायचं, हे त्याला आपोआप कळत नाही, ते किटसोबतचा हँडहेल्ड स्क्रीन घेऊन तुम्हालाच थोडं थोडं लावावं लागतं, आणि थंड इंजिनचा प्रयोग दिवसातून एकदाच करता येतो. डेन्व्हरच्या हिवाळ्यात दोन-तीन आठवडे धरून चला. टायमिंग चुकलेलं असेल किंवा कुठे हवा घेत असेल तर ते त्या चुकीसकट शिकतं.

तुमच्या घाटासाठी मात्र ही पद्धत चांगली. दाबावरच सगळा हिशोब असल्याने ११ हजार फुटांवर पेट्रोल आपोआप कमी होतं.

स्वस्तातला एक पर्याय कोणी सांगितला नाही म्हणून सांगतो. जीएमनेच १९८७ ते ९५ या काळातल्या पिकअपना ३५० वर टीबीआय (थ्रॉटल बॉडी इंजेक्शन) दिलं होतं. भंगार यार्डात जाऊन थ्रॉटल बॉडी, हार्नेस, कॉम्प्युटर, डिस्ट्रिब्युटर असं अख्खं काढून आणता येतं. त्याला प्रेशर ९ ते १३ पीएसआयच लागतं, त्यामुळे नळ्यांचं टेन्शन कमी. ७७४७ नंबरचा कॉम्प्युटर लोकांनी इतका उलगडून ठेवलाय की त्याची चिप घरी बसून बदलता येते. दिसायला किटइतकं देखणं नाही, पण तो भाग दहा वर्षांनी बंद पडला तरी पार्टच्या दुकानात मिळेल. नव्या किटचा ईसीयू थ्रॉटल बॉडीच्या पोटातच असतो, तो गेला की ते सगळं काढून पाठवा आणि वाट बघा. मला हे महत्त्वाचं वाटतं, तुम्हाला कदाचित वाटणार नाही.

आमच्या कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना स्मॉग टेस्ट नाही, म्हणून इथे ७२ च्या सी-१० ला सोन्याचा भाव आहे. विकायची झाली तर सांगा.

डेन्व्हरचा_खटारा

विकणार नाही 😄

मिस्त्री काका, व्हॅक्युम गेज आणलं. आयडलिंगला साडेबारा इंच दाखवतंय आणि काटा थोडा थरथरतोय. इंटरनेटवर सगळीकडे १८ ते २० पाहिजे असं लिहिलंय. इंजिन गेलं का? रात्री झोप नाही. रिंग गेल्या असतील तर ईएफआय राहिलं बाजूला, आधी इंजिनच उतरवावं लागेल.

ओहायोचा_मिस्त्री

झोप शांत. १८-२० हा समुद्रकाठचा आकडा आहे. हजार फुटांमागे एक इंच वजा कर, म्हणजे तुझ्याकडे १३ ते १५ म्हणजे निरोगी. साडेबारा थोडं कमी आहे, कुठेतरी हवा घेतंय किंवा टायमिंग मागे आहे. इंजिन चालू ठेवून कार्ब्युरेटरच्या बुडाशी आणि थ्रॉटलच्या दांड्याच्या दोन्ही टोकांना कार्ब क्लीनरचा अगदी छोटा फवारा मार, आरपीएम बदलला की जागा सापडली. इंजिन तापायच्या आधी कर आणि अग्निशामक जवळ ठेव, शहाणपणा म्हणून नाही, मी एकदा भुवया जाळून घेतल्यात.

डेन्व्हरचा_खटारा

तीन आठवड्यांनी अपडेट देतोय, उशीर झाला, मध्ये मुलीची परीक्षा होती.

पाच दिवसांनी एअर क्लीनर काढून थ्रॉटल हलवला, एक थेंब नाही, बाऊल वाळवंट. कार्ब्युरेटर उतरवून उलटा केला तर बुचांभोवती डाग स्पष्ट दिसत होते. इपॉक्सी लावली. बुडाचं पॅकिंग एका कोपऱ्यात फाटलेलं होतं, फवारा मारला तेव्हा आयडलिंग तिथेच बदललं होतं. जाड पॅकिंग टाकलं. एचईआय टाकला, त्याला फ्यूज बॉक्सपासून नवीन जाड वायर ओढली, त्या नऊ व्होल्टवाल्या वायरला हात लावला नाही, वैदर्भी दादा धन्यवाद, मी नक्की तिथेच जोडली असती. जेट एक नंबर बारीक केले. तिन्ही अर्थ नवीन टाकले, जुना इंजिन-बॉडी अर्थ तर हातात घेताच तुटला. व्हॅक्युम आता साडेचौदा, काटा स्थिर.

सकाळी चार सेकंदांत चालू होते. खर्च तीनशे डॉलरच्या आत, त्यात अर्धा एचईआयचा. बोगद्यापर्यंत जाऊन आलो, धूर कमी झालाय पण गेलेला नाही, आणि गरम असताना उन्हात दहा मिनिटं थांबलं तर अजूनही कधीकधी त्रास देते. जेट अजून बारीक करायला गेलो तर खाली डेन्व्हरमध्ये अडखळते. म्हणजे घर आणि बोगदा दोन्हीकडे बरोबर असं काही ह्या कार्ब्युरेटरला जमणार नाही हे आता पटलंय.

त्यामुळे ईएफआय करायचं, पण आधी फक्त टाकी. बॉक्सखालची टाकी, आत पंप, जाणारी आणि येणारी दोन्ही लाइन. मग ते व्यवस्थित झालं की हिवाळ्यात किट, क्वाड्राजेटच्या बुडावर थेट बसणारी पण निघालीत तीच घेईन, म्हणजे अडाप्टर प्लेटमुळे एअर क्लीनर बॉनेटला लागायची भानगड नको. प्रश्न असा की मधले दोन-तीन महिने त्या नवीन पंपावर कार्ब्युरेटर चालेल का?

ह्यूस्टनचा_वैदर्भी

चालेल, पण रेग्युलेटर कार्ब्युरेटरचा वेगळा घ्यावा लागेल, रिटर्नवाला, पाच-सहा पीएसआयवर बसणारा. ईएफआयचा रेग्युलेटर खाली एवढा उतरतच नाही, काहून प्रयत्न करतो, फ्लोटची सुई उघडून सगळं पेट्रोल इनटेकमध्ये जाईल. आणि मेकॅनिकल पंप काढून तिथे प्लेट मारून टाक. अजून एक, किट लागेपर्यंत इंजिन बंद पडलं तर पंप बंद करणारा कॉम्प्युटर तुझ्याकडे नाही, पंप चालूच राहील. ऑइल प्रेशरचा स्विच आणि फोर्डचा इनर्शिया स्विच (धडक बसली की करंट तोडणारा), दोन्ही पंपाच्या रिलेच्या लाइनमध्ये लाव. इनर्शिया स्विच नंतरही काढू नको.

गिअरबॉक्सच्या किकडाऊनच्या केबलची ब्रॅकेट नवीन थ्रॉटल बॉडीवर बसते का तेही किट घेतानाच विचार. मी विचारलं नव्हतं.

ओहायोचा_मिस्त्री

जुनी टाकी काढलीस की कोणाच्याही सांगण्यावरून तिला वेल्डिंग किंवा ग्राइंडर लावू देऊ नकोस, आतल्या वाफेमुळे रिकामी टाकी भरलेलीपेक्षा वाईट.

रंकाळा_गॅरेज

टाकी काढल्यावर सीटमागं केवढी जागा हुती भावा? ढोल-ताशा बसतोय का?

डेन्व्हरचा_खटारा

ढोल नाही बसणार, ताशा बसेल. जागा तशीही बुक झालीये, बायकोने मापं घेतली, गणपतीचं मखर घडी करून तिथे बरोबर बसतं म्हणते. टाकीची ऑर्डर तिनेच दिली.

ओहायोचा_मिस्त्री

हिवाळ्यात किट बसलं की तो क्वाड्राजेट फेकू नकोस. बुचं नवीन, पॅकिंग नवीन. मला पाठव, पोस्टाचा खर्च मी देतो. माझ्या ७७ च्या गाडीवर चालेल तो.